साखर गेली, मीठही गेलं

दुसऱ्या महायुद्धात जहाजं बुडत होती आणि वाचलेली माणसं भर समुद्रात तराफ्यांवर दिवसेंदिवस पडून राहत होती. तराफ्यावर जागा ती किती! तिथे काय ठेवायचं? पाणी तर हवंच, पण त्याच्या जोडीला खायला काय द्यावं? या प्रश्नावर काम करत होते बॉस्टनचे जेम्स गॅम्बल, व्यवसायानं बालरोगतज्ज्ञ. त्यांनी स्वयंसेवकांना काही दिवस उपाशी ठेवलं, पाणी मापून दिलं आणि प्रत्येकाची लघवी काटेकोरपणे तपासली. काहींना खायला काहीच नव्हतं. काहींना दिवसाला १०० ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे जेमतेम ४०० कॅलरी. ज्यांना साखर मिळाली त्यांच्या अंगातलं पाणी कमी खर्च झालं. मीठही कमी गेलं. साखरेनं तहान भागत नाही हे पोरासोरांनाही ठाऊक आहे, पण तिनं पाणी मात्र वाचवलं.

हाच प्रयोग आज हजारो घरांत उलट्या बाजूनं चालू आहे. कुणी पोळी सोडतं, कुणी भात, भाकरी, बटाटा, साखर सगळंच. आठवड्यात वजनाचा काटा दोन किलोंनी खाली येतो, घरात कौतुक होतं. मग एका रात्री, झोपेत पाय ताणला जातो आणि पोटरीत असा गोळा येतो की माणूस तोंड दाबून उठून बसतो. पोटरी दगडासारखी घट्ट. दोन-तीन मिनिटांनी सुटते, पण दुखरेपणा दुसऱ्या दिवशीही चालताना जाणवतो.

हा केवळ योगायोग म्हणावा, तर आकडे तसं म्हणू देत नाहीत. २००४ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या विल्यम यान्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० लठ्ठ व्यक्तींवर केलेला २४ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना पिष्टमय पदार्थ अगदी कमी, सुरुवातीला दिवसाला २० ग्रॅमच्याही आत. बाकीच्यांना नेहमीचा कमी चरबीचा आहार. स्नायूंत गोळे आल्याची तक्रार पहिल्या गटात ३५ टक्के लोकांनी केली, दुसऱ्या गटात ७ टक्क्यांनी. पाचपट! वजन मात्र पहिल्या गटाचं जास्त उतरलं, हेही सांगायला हवं.

मग भाकरी आणि पोटरी यांचा संबंध काय? सरळ उत्तर असं की भाकरीतली साखर अंगातलं मीठ धरून ठेवते. हे वाक्य पहिल्यांदा ऐकताना खोटं वाटतं, म्हणून ते जरा उकलून बघू.

आधी त्या दोन किलोंचा हिशेब. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं: यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास, स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास. हा साठा कोरडा नसतो. एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. पिष्ट बंद झालं की साठा वापरला जातो आणि पाणी मोकळं होतं. अर्धा किलो ग्लायकोजेन, दीड किलो पाणी. झाले दोन किलो. पहिल्या आठवड्यात पेढे वाटू नयेत ते यासाठी. पण नुसतं पाणी गेलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्या द्रवात दीड किलोच्या आसपास मीठ असतं. दीड किलो, रोज! आपण खातो दहा ग्रॅमच्या आगेमागे. म्हणजे गाळलेल्या मिठातला जवळजवळ सगळा भाग मूत्रपिंडं परत रक्तात ओढून घेतात आणि शंभरातला एखादा भाग काय तो बाहेर जाऊ देतात. या ओढून घेण्यात एक टक्क्याचा फरक पडला तरी मिठाचा सगळा जमाखर्च बदलतो. आणि हा फरक घडवणाऱ्यांत एक आहे इन्सुलिन.

इन्सुलिन म्हटलं की आपल्याला रक्तातली साखर आठवते. महाराष्ट्रात तर डॉ. श्रीकांत जिचकार आणि त्यांच्यानंतर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या व्याख्यानांनी हा शब्द स्वयंपाकघरापर्यंत नेला. (त्यांचा आग्रह दोनदाच जेवण्याचा, इथे ज्या आहाराबद्दल बोलतो आहोत तो वेगळा.) पण इन्सुलिनचं मिठाशीही नातं आहे, हे व्याख्यानाला जाऊन आलेल्यांनाही सहसा माहीत नसतं. १९७५ साली राल्फ डीफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या शिरेतून इन्सुलिन सोडलं आणि त्याच वेळी ग्लुकोज देत रक्तातली साखर जिथल्या तिथे ठेवली, म्हणजे जो परिणाम दिसेल तो इन्सुलिनचाच. लघवीतून जाणारं सोडियम जवळपास निम्म्यावर आलं. इन्सुलिन मूत्रपिंडाला सांगतं, मीठ ठेव. पिष्ट बंद, इन्सुलिन खाली, आणि मूत्रपिंडाची पकड सैल. मीठ निघालं की त्याच्यामागे पाणीही जातं. आहार बदलल्यावर पहिले काही दिवस सारखं लघवीला का जावं लागतं, उठल्यावर डोकं का गरगरतं, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

आपल्याकडचा उपवास या बाबतीत फार शहाणा, किंवा फार लबाड. एकादशीला आपण धान्य सोडतो आणि साबुदाणा, वरी, रताळं, बटाटा, केळं यांवर ताव मारतो. पिष्टाचा महापूर! इन्सुलिन मजेत, पोटॅशियमही भरपूर. एकादशीच्या खिचडीनं पोटरीत गोळा आल्याचं कुणी सांगत नाही.

आता गॅम्बल बालरोगतज्ज्ञ असून मिठाच्या मागे कसे लागले ते. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अपस्माराच्या मुलांना उपाशी ठेवलं की त्यांच्या फिट्स थांबतात, असं काही उपचारक सांगू लागले होते. न्यूयॉर्कचे एक सधन वकील, चार्ल्स हाउलंड, यांच्या मुलाला या उपचारानं बरं वाटलं. त्यांचे भाऊ जॉन हाउलंड जॉन्स हॉपकिन्समध्ये बालरोगशास्त्राचे प्राध्यापक होते. चार्ल्सनी भावाला ५००० डॉलर दिले: उपाशी राहिल्यावर अंगात नेमकं काय होतं ते शोधा. हे काम गॅम्बल यांच्याकडे आलं आणि १९२३ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. फिट्स का थांबतात हे कोडं त्यांना सुटलं नाही. पण मुलांच्या लघवीचा हिशेब मांडता मांडता शरीर आपले क्षार कसे जपतं, हे त्यांच्या हाती लागलं. आजच्या कीटो आहाराची सुरुवातही याच उपचारातून झाली. १९२१ साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलं की उपाशी ठेवण्याऐवजी मुलांना भरपूर चरबी आणि अगदी थोडं पिष्ट द्यावं, शरीराला उपवासच वाटेल.

गॅम्बल यांनी पाहिलं ते असं. साखर नसताना यकृत चरबीपासून कीटोन तयार करतं. यांतले मुख्य कीटोन आम्ल आहेत. त्यांच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. लघवीतून बाहेर पडायचं तर असा कण एकटा जाऊ शकत नाही, धनभाराचा जोडीदार लागतो. पहिल्या दिवसांत हाताशी असतात ते जोडीदार म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम. म्हणजे मीठ दोन वाटांनी चाललंय: एक इन्सुलिन उतरल्यामुळे, दुसरी कीटोनच्या सोबतीनं. पण मग, काही दिवसांत, मूत्रपिंडं एक भन्नाट गोष्ट करतात. प्रथिनांतल्या नायट्रोजनपासून ती अमोनियम बनवायला लागतात आणि कीटोनच्या जोडीला ते पाठवतात. सोडियम-पोटॅशियम घरातच राहतं. टाकाऊ नायट्रोजन तसाही बाहेर टाकायचाच होता, त्याच्याच गळ्यात कीटोनची जबाबदारी बांधली! कुठल्याही मुनीमजीला हे सुचलं असतं तर त्यानं ते आयुष्यभर सांगितलं असतं. हे आहार सुरू केल्यावरचे पहिले आठवडे जास्त त्रासाचे आणि पुढचे तुलनेनं शांत का, याचं एक कारण ही काटकसर आहे.

तोवर मात्र एक गडबड होऊन बसलेली असते. सोडियम घसरलं, रक्ताचं आकारमान घटलं, की शरीर अ‍ॅल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक सोडतं. त्याचा हुकूम एकच, सोडियम वाचवा. मूत्रपिंडं ते वाचवतात, पण बदल्यात पोटॅशियम सोडून देतात, थोडं मॅग्नेशियमही. म्हणजे कमतरता मिठाची आणि गळती पोटॅशियमची. केळी खाऊन पोटॅशियम भरायला निघालेल्या माणसानं आधी मिठाकडे बघावं, असं म्हणतात ते याच कारणासाठी. शिवाय केळी या आहारात बसत नाहीत ते वेगळंच.

ताटातून काय गेलं हेही पाहा. शंभर ग्रॅम ज्वारीत किंवा बाजरीत सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं. भाकरी गेली की तेही गेलं. भात गेला म्हणजे भाताबरोबरची आमटी गेली, वरण गेलं, पापड गेला, लोणच्याची फोड गेली. मीठ आपण भातात टाकत नाही, पण खातो भातामुळेच. नुसत्या पनीरबरोबर कुणी आमटी ओरपत नाही.

एवढं क्षारांचं पुराण लावलं, पण पोटरीला त्याचं काय? इथे लंडनच्या सिडनी रिंगर यांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८८० च्या दशकात रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून, मिठाच्या पाण्यात ठेवून, ते किती वेळ धडधडतं हे बघत होते. मिठाचं पाणी पुरेसं आहे असं वाटलं, तसं १८८२ मध्ये छापूनही आलं. मग कळलं की त्यांच्या सहायकानं ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचंच पाणी वापरलं होतं, न्यू रिव्हर वॉटर कंपनीचं. शुद्ध पाणी घेतलं तर हृदय लवकरच थांबे. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं आणि हृदय त्यावर चाललं होतं. रिंगर यांनी १८८३ मध्ये दुरुस्ती छापली आणि सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचं नेमकं प्रमाण ठरवलं. इस्पितळात कुणाला ‘आरएल’ची बाटली चढवतात तेव्हा त्यातला ‘आर’ या रिंगर यांचा. सोडियम असून कॅल्शियम नसेल तर हृदय थांबतं. कॅल्शियम आहे आणि पोटॅशियमचं प्रमाण चुकलं, तरीही गडबड.

कारण प्रत्येक मज्जापेशी आणि स्नायूपेशी म्हणजे भारित पिशवी आहे. आत पोटॅशियम, बाहेरच्या तुलनेत तीसपटीहून जास्त. बाहेर सोडियम, आतल्या तुलनेत दहापट. हा फरक टिकवायला पेशीच्या आवरणात पंप बसवलेले असतात. दर खेपेला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये हा पंप दाखवला आणि चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांना नोबेल मिळालं. आपण स्वस्थ पडलेले असतानाही शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा तरी या पंपांवर खर्च होतो. जेवणातली प्रत्येक पाचवी पोळी निव्वळ सोडियम बाहेर फेकण्यासाठी!

मज्जातंतूचा संदेश म्हणजे या भाराची क्षणिक उलथापालथ. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम या उलथापालथीला आवर घालतात. ते घटले तर तंतू जरा जास्तच चटकन पेटतात. आणि पोटरीतल्या गोळ्याचा उगम स्नायूत नव्हे, त्याच्या चेतातंतूत आहे असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. तंतू न थांबता संदेश सोडत राहतो आणि स्नायूला सैल पडायला उसंत मिळत नाही.

मीठ कमी पडलं की गोळे येतात, हे खाणकामगारांनी शास्त्रज्ञांच्या आधी सोसलं होतं. इंग्लंडच्या खोल कोळसा खाणींत उष्म्यात घामाघूम झालेले मजूर नुसतं पाणी पीत आणि मग पोटात, हातापायांत गोळे येऊन लोळत. १९२३ मध्ये केनेथ नेव्हिल मॉस यांनी दाखवलं की पाण्यात थोडं मीठ घातलं की हे टळतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत हूव्हर धरण बांधलं जात होतं. भोजनगृहात पाणी भरपूर प्या अशी पाटी होती. हार्वर्डच्या संशोधकांनी मजुरांचा अभ्यास केला आणि त्या पाटीत जेवणात मीठही भरपूर घ्या, अशी भर पडली. त्याच दशकात लंडनमध्ये रॉबर्ट मॅकन्स यांनी तर स्वतःलाच प्रयोगाला बसवलं. काही स्वयंसेवकांबरोबर ते बिनमिठाचं खात आणि रोज उष्णतेत घाम गाळत, अंगातलं मीठ संपेपर्यंत. जेवणाची चव गेली. जरा काही करायला गेलं की थकवा. आणि गोळे.

इतकं वाचून कुणीही म्हणेल, मीठ कमी तर गोळे, प्रश्न मिटला. पण इथेच हा विषय मला सगळ्यात आवडतो. दक्षिण आफ्रिकेत मार्टिन श्वेलनस आणि सहकाऱ्यांनी ५६ किलोमीटर धावणाऱ्यांचं रक्त तपासलं. गोळे आलेले आणि न आलेले, दोघांच्या रक्तातल्या क्षारांत नाव घेण्यासारखा फरक नव्हता. त्यांच्या मते थकलेल्या स्नायूचा मज्जारज्जूशी चाललेला संवाद बिघडतो. वृद्धांच्या रात्रीच्या गोळ्यांवर मॅग्नेशियमच्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात. कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यानुसार त्यांचा त्यासाठी लक्षणीय उपयोग होण्याची शक्यता कमीच. माझं मत असं, की गोळा हा एका कारणाचा आजार नाही. घाम गाळून मीठ गमावलेल्या मजुराचा, मॅरेथॉनवाल्याचा आणि भाकरी सोडलेल्या माणसाचा गोळा दिसायला सारखा असला तरी मागची वाट वेगळी असू शकते. तिसऱ्याच्या बाबतीत मीठ आणि पाणी गेल्याचा पुरावा भक्कम आहे, म्हणून आधी तिकडे बघणं शहाणपणाचं.

रक्ताच्या चाचणीवर मात्र फार विसंबू नये. शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, मॅग्नेशियम तर ९९ टक्के पेशींत आणि हाडांत. प्रयोगशाळा तपासते तो उरलेला कण. कागदावर सगळं ठीक आणि पेशींची कोठारं अर्धी रिकामी, असं होऊ शकतं.

निरोगी माणसाला उपाय घरातलेच आहेत: मीठ घातलेलं ताक, पायांचं किंवा हाडांचं सूप, पालक-माठासारख्या पालेभाज्या, बदाम, भोपळ्याच्या बिया. सैंधव घ्यावं की साधं, यावर घरोघरी वाद होतात. दोन्ही जवळजवळ संपूर्ण सोडियम क्लोराइडच आहेत, साध्यात आयोडीन मिळतं इतकंच. पण रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मीठ वाढवण्याचा निर्णय स्वतः घेऊ नये, आणि पोटॅशियमच्या गोळ्या तर अजिबात नाही. रक्तदाबाची काही नेहमीची औषधं पोटॅशियम वाढवतात आणि वाढलेलं पोटॅशियम हृदय थांबवू शकतं. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असताना पिष्ट तोडलं तर साखर आणि दाब दोन्ही फार खाली जाऊ शकतात. ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी ‘फ्लोझिन’ येतं त्यांच्याबरोबर हा आहार धोक्याचा ठरू शकतो. डॉक्टरांना आधी सांगा, नंतर नाही.

साखर-मिठाची ही जोडी आतड्यातही आहे. १९६० साली प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं की आतडं ग्लुकोज आणि सोडियम एकाच दारातून, एकमेकांच्या साथीनं आत घेतं. अकरा वर्षांनी बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, आणि दिलीप महालनबिस यांनी पिंपांत मीठ, साखर, पाणी कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. जुलाब झालेल्या पोराला आई मीठ-साखरेचं पाणी पाजते, ते क्रेन यांचंच दार.

राहता राहिला मध्यरात्रीचा गोळा. तेव्हा मीठ खाऊन उपयोग नाही, ते रक्तात पोहोचेतो गोळा आपणच सुटलेला असतो. पायाची बोटं हातानं धरून स्वतःकडे ओढा. पोटरीचा कंडरा ताणला जातो, त्यातले संवेदक मज्जारज्जूला खबर देतात आणि तिथून तंतूला आवर बसतो. झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पोटरी आधीच आखडलेली, म्हणून रात्री हे जास्त.

अमेरिकी खेळाडूंचा आणखी एक तोडगा आहे, काकडीच्या लोणच्याचं पाणी: व्हिनेगर आणि मीठ. २०१० मध्ये केव्हिन मिलर यांनी घाम गाळलेल्या स्वयंसेवकांच्या पायाच्या अंगठ्याला विजेनं गोळा आणला आणि मग हे पाणी पाजलं. गोळा दीड मिनिटाच्या आत सुटला, साध्या पाण्यापेक्षा लवकर. इतक्या वेळात मीठ रक्तात शिरूच शकत नाही. म्हणजे काम घशानं केलं. आंबट-तिखट झणका बसला की तिथून निघालेला संदेश तंतूंना शांत करतो, असा तर्क आहे.

रॉडरिक मॅकिनन यांना हा तर्क पटला. समुद्रात कयाक वल्हवताना त्यांना आणि त्यांच्या शास्त्रज्ञ मित्राला जबर गोळे आले होते. हे मॅकिनन म्हणजे पेशीच्या आवरणातून पोटॅशियम नेमकं कसं जातं, त्या वाटेची रचना उलगडल्याबद्दल २००३ चं नोबेल मिळवलेले गृहस्थ. आता गोळ्यांवर त्यांनी काय काढावं? पोटॅशियम नव्हे. आलं, दालचिनी आणि मिरचीचा अर्क असलेलं एक झणझणीत पेय, आणि ते विकायला कंपनीसुद्धा.